चुकामूक झाली तर

माणसानं एकट्यानं राहावं की नाही, हे घळीत चालून ठरवावं असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही. पण दीनानाथ सोहोनींनी आपल्या लेकीशी तशी पैज लावली होती. "मनावतूची घळ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवतो. सगळी आखणी माझी. संध्याकाळी पाचला घरातून तुला फोन करतो. एक गोष्ट जरी चुकली, तर सामान बांधून मुकाट्यानं तुझ्याकडे मनुरेवाला येतो," असं त्यांनी ठणकावून सांगितलं. इरावतीनं फोनच्या पलीकडून एवढंच म्हटलं, "प्रॉमिस ना बाबा? फाइव्ह ओ'क्लॉक."

इरावती उगाच हट्टाला पेटली नव्हती. तिची आई स्नेहलता जाऊन दहा महिने झाले होते. पामर्स्टन नॉर्थच्या घरात दीनानाथ एकटे. परसात तिनं लावलेलं फीजोआचं झाड, स्वयंपाकघराच्या खिडकीत तिनं थंडीवाऱ्यातून जगवलेला कढीपत्ता, आणि त्या दोघांना पाणी घालणारे हे. तेवढ्यावर त्यांचं चाललं होतं. पण दर गुरुवारी ते इस्पितळात जाऊन स्नेहलतेच्या वॉर्डाबाहेरच्या खुर्चीवर तासभर बसतात, हे तिथल्या एका नर्सनं काळजीपोटी इरावतीला कळवलं. तिनं विचारलं, तर म्हणाले, तिथे पार्किंग बरं मिळतं. इस्पितळात पार्किंग बरं मिळाल्याचं जगाच्या पाठीवर कोणी ऐकलेलं नाही. तेव्हापासून तिनं गाडीनं सहा तासांवरच्या मनुरेवातल्या आपल्या घरी त्यांच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती.

घळ चालायची पद्धत मुळात स्नेहलतेची. तिला इंग्लंडातल्या नद्यांच्या दऱ्या पायी हिंडायच्या होत्या. लायब्ररीतून त्यांची पुस्तकं आणून तिनं नकाशेसुद्धा पाठ केले होते. ते जाणं काही जमलं नाही, तेव्हा "हीच आपली दरी" म्हणत दर जानेवारीत, इथल्या भर उन्हाळ्यात, ती सगळ्यांना इथे चालायला लावायची. सोहोनी नवराबायको ॲशहर्स्टच्या टोकाला लाल गाडी लावायचे. त्यांचे मित्र विश्वनाथ आणि त्यांची बायको निशिगंधा पलीकडे वुडविलच्या टोकाला पांढरी गाडी लावायचे. दोन्हीकडून निघून मध्यावरच्या बाकाशी भेटायचं, खायचं, आणि गाड्यांच्या किल्ल्या बदलून पुढे जायचं. म्हणजे ज्याच्या पुढ्यात जी गाडी येणार, तिची किल्ली त्याच्या खिशात. खाणं झालं की स्नेहलता तळहात पुढे करायची आणि म्हणायची, "किल्ल्या?" सात वर्षं हे चाललं. किल्ल्यांची आठवण दुसऱ्या कोणी ठेवायची वेळच आली नाही.

तिचा आणखी एक नियम होता, तो पार पुण्यातल्या तुळशीबागेतून आलेला. चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही. शेवटचे जिथे भेटलो, तिथे परत यायचं.

यंदा निशिगंधाचे गुडघे धरले होते, म्हणून दोन टोकांना दोघंच. दीनानाथांनी आखणीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून घेतला होता. त्यावर सतरा कलमं होती. टोपी, पाणी, शिटी, पायाला फोड आला तर लावायच्या पट्ट्या. नववं कलम असं, की फोन रानात पडून हरवू नये म्हणून दोघांनीही तो आपापल्या गाडीतच ठेवावा. त्याप्रमाणे त्यांनी तो पुढच्या सीटवर ठेवला, गाडीला कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि साडेसातला निघाले. किल्ल्या बदलण्याचं कलम मात्र सतरांत कुठेही नव्हतं.

चाल सुंदर झाली. खाली नदी, पलीकडच्या कड्याला चिकटून जाणारी मालगाडी, अंगावर निकाऊच्या झावळ्यांची सावली. एक फॅन्टेल पाखरू शेपटीचा पंखा उघडत-मिटत बराच वेळ त्यांच्या मागून आलं. ते आपल्यासाठी येत नाही, पायांनी उडालेले किडे टिपायला येतं, हे स्नेहलतेनं त्यांना दर वर्षी सांगितलं होतं. यंदा ते त्यांना स्वतःलाच सांगावं लागलं.

साडेनऊला बाकाशी विश्वनाथ भेटले. निशिगंधानं दिलेला डबा उघडला, तर आत चार थालीपिठं. सवयीनं चौघांची. दोघांनी एकेक खाल्लं आणि उरलेल्या दोहोंकडे न बघण्याच्या कामाला लागले. विश्वनाथांनी पवनचक्क्यांचा विषय काढला. दीनानाथांनी त्या पवनचक्क्या उगाचच मोजल्या. मग विश्वनाथांनी डब्याचं झाकण घाईनं लावलं, दोघं एकदमच उठले आणि आपापल्या वाटेला लागले. रडायला येईल या भीतीनं कोणी मागे वळून पाहिलं नाही.

बाराला दीनानाथ वुडविलच्या टोकाला पोचले. पांढरी गाडी उभी होती. खिशात हात घातला, तर लाल गाडीची किल्ली. ते गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले, जणू दुसऱ्या बाजूनं ती लाल निघेल. मग कागद काढून सतरा कलमं वाचली आणि कागद घडी करायला गेले, पण प्लास्टिकची घडी होईना.

रस्त्यावर गाड्या होत्या. लिफ्ट मागता आली असती. पण बासष्ट वर्षांत त्यांनी रस्त्यावर कोणापुढे अंगठा उभा केला नव्हता, आणि तिकडे विश्वनाथ अडकलेले. ते काय करतील? स्नेहलतेचा नियम पाळतील, दुसरं काय करणार? तासभर वाट पाहून दीनानाथ पुन्हा चढाला लागले.

बाकाशी आले तेव्हा तीन वाजून गेले होते. तिथे कोणी नव्हतं. ते बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बसायची तऱ्हा ओळखीची होती. हात मांडीवर, नजर वळणावर, आणि तिथून कोणी येणार नाही हे पक्कं ठाऊक. दर गुरुवारी ते असेच बसत.

आणि वळणावरून विश्वनाथ आले. टोपी हातात, तोंड लालबुंद, एक पाय ओढत.

दीनानाथांना रडू कोसळलं. विश्वनाथ घाबरलेच. पडलास का, कुठे लागलं, असं विचारत त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"तू आलास," दीनानाथ म्हणाले.

"अरे, येणारच. वहिनींचा नियम."

"मी पण तोच पाळतो रे. दर गुरुवारी. शेवटचे तिथेच भेटलो होतो आम्ही, त्या वॉर्डात. म्हणून जाऊन बसतो. ती काही येत नाही."

विश्वनाथ त्यांच्याशेजारी बाकावर बसले. त्यांनी डबा काढला आणि उरलेल्या दोन थालीपिठांतलं एक दीनानाथांच्या हातावर ठेवलं. आता ती दोघांनी बघून खाल्ली. खाणं झाल्यावर दीनानाथांनी डोळे पुसले, ताठ बसले, तळहात पुढे केला आणि म्हणाले, "किल्ल्या?"

विश्वनाथांनी पांढऱ्या गाडीची किल्ली देवाला फूल वाहावं तशी त्या तळहातावर ठेवली. दीनानाथांनी लाल गाडीची त्यांना दिली. आज प्रथमच काहीतरी स्नेहलतेच्या मनासारखं झालं, असं दोघांनाही वाटलं. मग दोघं ज्या दिशेनं चालत आले होते, त्याच दिशेनं पुढे निघाले. दीनानाथ ॲशहर्स्टकडे, म्हणजे लाल गाडीकडे. विश्वनाथ वुडविलकडे, पांढरीकडे.

वाचकांच्या ध्यानात आलंच असेल. एव्हाना दोघंही आपापल्या गाडीकडे परत निघाले होते. त्यांनी काहीही केलं नसतं, निव्वळ गप्प बसून चालले असते, तर प्रत्येकाला आपली गाडी आणि तिची किल्ली बरोबर मिळाली असती. पण सकाळची चूक त्यांनी दुपारी मनोभावे दुरुस्त केली होती.

सहाला दीनानाथ लाल गाडीपाशी उभे होते, हातात पांढरीची किल्ली घेऊन. काचेतून सीटवरचा फोन दिसत होता. तो उजळला, थरथरला, त्यावर इरावतीचं नाव आलं. मग विझला. पाच मिनिटांनी पुन्हा उजळला. दीनानाथांनी काचेला हात लावला. कुत्रा फिरवायला आलेल्या एका बाईनं "यू ऑलराइट, डिअर?" म्हणून स्वतःचा फोन देऊ केला. पण इरावतीचा नंबर त्यांना पाठ नव्हता, तो त्या काचेआडच्या फोनात होता. सगळं ठीक आहे, असं सांगून त्यांनी त्या बाईंचे आभार मानले. तेवढं खोटं बोलायची ताकद अजून उरली होती.

पावणेसातला मेंढ्या भरलेला एक ट्रक थांबला आणि त्यातून विश्वनाथ उतरले.

"वहिनींचा नियम मोडला, माफ कर. पण तिसऱ्यांदा चढलो असतो, तर तुला मला भेटायला इस्पितळात..." आणि त्यांनी जीभ चावली.

दीनानाथ हसले. दहा महिन्यांत पहिल्यांदा, आणि त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. तेवढ्यात आत फोन पुन्हा थरथरू लागला. हातातली किल्ली खिशात टाकून त्यांनी विश्वनाथांकडून लाल गाडीची घेतली, दार उघडलं आणि फोन उचलला.

"बाबा! कुठे आहात? मी गाडी घेऊन निघालेय, ते-रापा गावापर्यंत आलेसुद्धा. आय वॉज सो स्केअर्ड."

ते म्हणणार होते, बॅटरी संपली होती. ते वाक्य त्यांनी पाऊण तास घोटून तयार ठेवलं होतं.

"किल्ल्या बदलायला विसरलो," ते म्हणाले. "मग आठवणीनं बदलल्या, तर बदलायच्या नव्हत्या."

पलीकडून आधी हसल्यासारखा आवाज आला, मग तो बदलला.

"आई असती तर..." ती म्हणाली.

"हो. पण नाहीये ती. वॉर्डातही नाहीये. मी पाहिलंय." ते सीटवर टेकले. "तू मागे फीर. रात्रीची इतकी गाडी चालवू नकोस. पैज हरलो मी. येत्या शनिवारी ये, सामान बांधून ठेवतो. कढीपत्त्याची कुंडी पायाशी ठेवायला जागा कर."

मग त्यांनी विश्वनाथांना वुडविलच्या टोकाला पांढऱ्या गाडीपाशी नेऊन सोडलं. उतरताना विश्वनाथांनी त्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला. पुढच्या जानेवारीत मनुरेवाहून यायचं, असं ठरलं. मग दीनानाथ घळीच्या रस्त्यानं घराकडे वळले. नदीवर ऊन उतरलं होतं. घर सुटणार याचं दुःख आता कुठे छातीत येऊन बसत होतं, म्हणून ते रुमाल काढायला गेले.

खिशात काहीतरी खुळखुळलं. पांढऱ्या गाडीची किल्ली.

या वेळी दीनानाथांनी घाई केली नाही. पुढे जागा मिळाल्यावर गाडी सावकाश वळवली. विश्वनाथ कुठे असतील हा प्रश्नच नव्हता. शेवटचे जिथे भेटले होते, तिथेच ते उभे असणार होते.