बरोबर उत्तराला शून्य

गाडेकर सरांच्या प्रॅक्टिकलला उत्तर अगदी बरोबर आलं की शून्य मिळायचं.

श्रीरामपूरच्या आमच्या कॉलेजात ते फिजिक्स शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळा सांभाळायचो. लंबकाच्या प्रयोगात सगळ्या वर्गाचं उत्तर पुस्तकातलंच यायचं, ९८०. "आपलं घड्याळ अडखळतंय, दोरा सैल हाय," सर म्हणायचे, "अन् तुमचं उत्तर तेवढं ठणठणीत?" मार्था नावाच्या मुलीचं ९११ आलं. ती रडकुंडीला आली. तिला दहापैकी नऊ!

गवळी म्हणाला, दूध चोख हाय, तर सर विचारणार, "मोजलं, का ऐकलं?" त्यांचं लग्न जमत आलं होतं. त्यांनी मुलीच्या वडिलांना आपण होऊन सांगितलं, "दाखल्यावरचं माझं वय खोटं हाय. दोन वर्षं वाढवून धरा." सर एकटेच राहिले.

मग बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मान्यता द्यायला विद्यापीठाची समिती आली. प्राचार्यांनी दुसऱ्या कॉलेजातून टेम्पोभर यंत्रं आणवली. मीच ती पुसून मांडली.

"वा! मुलं वापरतात ना?" समितीतल्या एकांनी विचारलं.

"कशी वापरतील?" सर म्हणाले. "कालच टेम्पोतनं आलीत. उद्या माघारी जाणार हायेत."

प्राचार्यांच्या हातातली चिवड्याची बशी तशीच राहिली. "खरं बोलायला माझी ना नाही," ते नंतर म्हणाले, "पण समितीपुढं?"

मान्यता मिळाली नाही. मार्था आणि आणखी दोघींना शेवटच्या वर्षासाठी रोज एस.टी.नं नगरला जावं लागलं. स्टाफरूममध्ये सरांशी कोणी बोलेना. मीही बोललो नाही.

जुलैत एकदा मी सकाळच्या नगर गाडीत चढलो. आत गर्दी. सर एका बाकाशी उभे. बाकावर त्यांची पिशवी, छत्री आणि टोपी ओळीनं मांडलेली.

"मास्तर, या जागा कुणाच्या?" कंडक्टर ओरडला.

"घरची माणसं येत्यात," सर म्हणाले.

तेवढ्यात त्या तिघी धावत आल्या. सरांनी घाईघाईनं आपलं सामान उचललं. मुली बसल्या. त्यांचा राग गेला नव्हता. मार्थानं तर खिडकीबाहेर तोंड फिरवलं. सर उतरले आणि गाडी हलेपर्यंत खाली उभे राहिले.