सायलो तापला, पाच जण आत!

सायलो थंड कसा ठेवायचा हे मला कुणी शिकवायला येऊ नये! धान्याच्या गोदामात मी तापमानाचंच काम बघतो. आमच्या आवारात पत्र्याच्या उंचच्या उंच कोठ्या आहेत, त्यांना सायलो म्हणतात. त्यांच्या पोटात धान्य असतं, आणि धान्य जातीचंच चिडकं! जरा ओल लागली की मानपान चुकलेल्या व्याह्यासारखं आतल्या आत धुमसायला लागतं. मग मी पंखे लावतो, हवा खेळवतो आणि त्याची समजूत काढतो. आजवर माझ्या हाताखालचा एक दाणा तापला नाही!

त्यामुळे परवा कन्या कॉम्प्युटरसमोर कपाळाला हात लावून म्हणाली, "माझा सायलो तापतोय," तेव्हा मी हातातला पेपर टाकून उठलोच.

तिचा एक खेळ आहे. कुठल्याशा ओसाड ग्रहाच्या पोटात पाच चिमुकली माणसं राहतात. ती खणतात, शेती करतात, रांधतात, झोपतात आणि काही बिनसलं की भोकाड पसरतात. कन्येनं अख्खी सुट्टी घालवून त्यांचा संसार मांडला होता, आणि आता तर रॉकेटही बांधलं होतं. रॉकेट उभं करायची जी खोल विहीर, तिचं नाव सायलो. अडचण एकच. रॉकेट उडताना आणि उतरताना असा जाळ ओकायचं की भिंती लाल व्हायच्या, दारं वितळायची आणि शेजारच्या शेतातली पिकं उभ्या उभ्या भाजून निघायची!

"हात्तिच्या! भोवती पाण्याचे पाइप फिरव की," मी म्हणालो.

"बाबा, तू यात पडू नकोस. यात एकदा माणूस गेलं की गेलं. परत येत नाही."

"अगं, मी डोंगराएवढं धान्य थंड ठेवतो! तुझी ही विहीर म्हणजे किस झाड की पत्ती!"

दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणींबरोबर सहलीला गेली. जाताना दारातून बजावलं, "हात लावायचा नाही!" जिन्यातून बजावलं. खाली रस्त्यावरून ओरडून बजावलं. एवढं बजावल्यावर कोण हात लावल्याशिवाय राहील?

सकाळी चहाचा कप घेऊन बसलो आणि सायलोभोवती पाण्याच्या पाइपांची अशी देखणी गुंडाळी घातली की बघत राहावं! रॉकेट गेलं होतं अवकाशात, आणि परत यायलाही अजून अवकाश होता. तेवढ्यात कामावर निघायची वेळ झाली. खेळ थांबवून जावं का? छे! तो तर स्वतःच्याच कामावर अविश्वास झाला! मी बायकोला म्हणालो, "रॉकेट आपोआप उतरेल. लाल दिवा लागला तर फोन कर. लागणार नाही म्हणा!"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही हं," ती म्हणाली.

"त्यात कळायचंय काय?"

गोदामात पोचून पंखे सुरू करतो न करतो तोच फोन वाजला.

"अहो, लाल दिवा लागलाय."

"एकच ना?"

"माळच लागलीय!"

पंख्यांच्या घरघरीत मला काही नीट ऐकू येईना, म्हणून मी ओरडून बोलायला लागलो. शेजारी आमचा भोंगा उभा होता. हा आमचा पंपवाला. तो कुजबुजला तरी फाटकाबाहेर ऐकू जातं, म्हणून हे नाव. त्याला अर्थातच एकच बाजू ऐकू येत होती. माझी!

"काय? सायलो तापलाय? पाइप फुटले?... अगं, मग वाफ होणारच!... दार वितळलं?... आत कोण कोण आहे? पाचही जण?... स्वयंपाकी भाजला? जिवंत आहे ना?... रडू नकोस! त्या पाचांना झोपायच्या खोलीत घाल आणि खोली घट्ट लावून घे!"

मागे वळून बघतो तर भोंगा गायब!

"घातले खोलीत," बायको हुंदके देत म्हणाली. "पण सायलोत वाफच वाफ झालीय, भिंती लाल दिसतायत. वरचं मोठं दार उघडू का?"

"अगं, वर नुसतं आकाश आहे, हवा नाही! दार उघडू न..."

आणि नेमका त्याच क्षणी भोंग्यानं धोक्याचा भोंगा वाजवला. माझं 'नकोस' त्यात साफ बुडालं. पलीकडून "बरं, उघडते" एवढं ऐकू आलं आणि फोन कटला! परत लावला तर लागेना. कन्येची पाच माणसं! सुट्टीभराचा संसार! आता तिला तोंड कसं दाखवू?

बाहेर आलो तर आवारात जत्रा! साहेब एकाच पायात बूट घालून धावत आले होते. दोनदा मोजणी झाली. सगळे हजर.

"मग आत कोण आहे?" साहेब गरजले.

"पाच जण!" भोंगा. "त्यातला एक स्वयंपाकी!"

त्याच्या शेजारीच कॅन्टीनचा स्वयंपाकी हातात झारा घेऊन उभा होता. "मी? मी तर इथे आहे."

"तू भाजलायस!" भोंगा इतक्या खात्रीनं म्हणाला की स्वयंपाक्यानं हात उलटेसुलटे करून पाहिले, झारा टाकला आणि तो मटकन खाली बसला.

एवढ्यात घंटा वाजवत आगीचा बंब आत शिरला. भोंग्यानं सगळ्यात मोठ्या सायलोकडे बोट केलं. शिडी लागली. पाण्याचा पाइप खांद्यावर घेऊन एक जवान वर चढायला लागला. माझ्या काळजाचं पाणी झालं! पाणी? धान्यावर? भिजलं की ते फुगून पत्रा फाडणार, आणि उरलेलं कुजणार! मी धावत जाऊन शिडीला मिठीच मारली.

"थांबा! हा सायलो थंडगार आहे! तापलेला सायलो आमच्या घरी आहे!"

"घरी?" साहेब.

"म्हणजे कॉम्प्युटरवर. माझ्या मुलीचा आहे. दुसऱ्या ग्रहावर."

जवान शिडीवरूनच वळून खाली बघायला लागला. साहेबांचा चेहरा माझ्या कन्येच्या सायलोसारखा लाल होत चालला. तेवढ्यात बंबाचे प्रमुख आवारभर नजर फिरवून म्हणाले, "काही म्हणा, पण एवढी माणसं इतक्या झटपट बाहेर काढलेली मी कुठे पाहिली नाहीत."

साहेबांनी क्षणात छाती पुढे काढली. "सरावच होता हा! मुद्दाम कुणाला सांगितलं नव्हतं."

बंब गेल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "आता दर महिन्याला सराव. ओरडायचं काम तुमचं. आणि तो रडवेला सूर अगदी अस्साच पाहिजे!"

संध्याकाळी पाय ओढत घरी निघालो. वाटेत कन्येचा फोन आला. मी घसा साफ करून सुतकी आवाजात सुरुवात केली, "बाळा, मन घट्ट कर..."

"कशाला? आईनं सगळं सांगितलंय. तिनं वरचं दार उघडलं ते किती बेस्ट केलं! सगळी वाफ आकाशात निघून गेली. आता सायलोत हवाच नाही, म्हणजे जाळ झाला तरी उष्णता भिंतींपर्यंत पोचायला वाटच नाही! मला इतके दिवस हे सुचलं नव्हतं."

"आणि ते पाच जण?"

"मजेत आहेत. स्वयंपाक्याला जरा चटका बसलाय. आणि बाबा, ते पाइप तेवढे काढायला लावलेत मी आईला."

घरात शिरलो. बायको कॉम्प्युटरसमोर ताठ बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी बूट काढले, खोकलो, पुन्हा खोकलो.

"जेवायला वाढतेस ना?"

"थांबा हो जरा! इथे शेतीची कामं खोळंबलीयत." तिनं मान वळवली नाही. "किती गुणी माणसं आहेत बघा! एकदा 'करू नका' म्हटलं की करत नाहीत."

मी मुकाट्यानं स्वयंपाकघरात जाऊन पानं घेतली.