राजा अजून नदीकाठीच

दामाजीकाकांनी पोथीतलं मोरपीस काढलं, चष्मा नाकावर सरकवला आणि सुरू केलं, "राजा नदीकाठी आला आणि नावाड्याची वाट पाहत उभा राहिला."

कान्हाचं डोकंच सटकलं. "काका, चार दिवस उभाय तो तिथं. बसवा ना त्याला होडीत एकदाचं."

"मोरपीस जिथं, तिथून पुढं वाचायचं. मी काय मनाचं वाचतो?"

कळव्याच्या खाडीला लागून असलेल्या या घरात श्रावणातल्या दुपारी पोथी वाचायची आणि ती संपल्याशिवाय घरची होडी पाण्यात घालायची नाही, असा नेमच होता. उद्या नारळी पौर्णिमा. सगळ्या कोळीवाड्याच्या होड्या सुटणार. शाळा सोडल्यापासून कान्हा दुसऱ्यांची जाळी ओढत होता. यंदा कुठे काका घरची होडी त्याच्या हातात देणार होते. रंगसुद्धा त्यानेच मारलेला, आजही पहाटेपासून तेच चाललेलं. आणि पोथी अर्धीच.

काकांचा आवाज हळूहळू खाली गेला. भिंतीला टेकलेल्या हौसाकाकीची मान पडली. मग काकांचीही.

कान्हा याचीच वाट बघत होता. रोज दोघं झोपले की तो मोरपीस गुपचूप पाच-सहा पानं पुढे ठेवायचा. तरी दुसऱ्या दिवशी राजा परत नदीकाठी. आज त्याने पानांचं चांगलं जाडजूड पुडकं उलटलं, मोरपीस खोचलं आणि चोर पकडायला कोपऱ्यातल्या जाळ्यांच्या ढिगाआड बसला.

आधी काकी उठली. काका झोपलेत ना, ते बघितलं. पोथी ओढली, बोटाने ओळी शोधल्या. "इथं डोळा लागला बाय माझा," असं पुटपुटत मोरपीस मागे आणलं आणि पुन्हा घोरायला लागली.

मग काका उठले. काकीकडे बघितलं, चष्मा पुसला आणि मोरपीस आणखी मागे नेलं.

कान्हा उठायला गेला तो पाय जाळ्यात अडकून तोंडावर आपटला. तिथूनच ओरडला, "दोघं मिळून माझी होडी बुडवताय काय?"

"न ऐकता ऐकलं म्हणू? देवाचं काम हाय ते," काकी म्हणाली आणि काकांकडे वळली. "पन तुमी तर वाचत व्हते ना?"

"शेवटी शेवटी काय वाचलं ते आठवेना," काका म्हणाले. "पण ते राहू दे. हा का लपला जाळ्यात? आणि मोरपीस रोज एवढं पुढं कसं जायचं?"

कान्हा पायातली जाळी सोडवण्यात एकदम बिझी झाला.

"समजलं. आता तूच वाच."

"वाचतो. आज खल्लासच करतो."

कान्हा वाचायला लागला ते बोंबलतच. पहिल्याच पानात राजा होडीत बसला. काकी ताठ झाली. नदीच्या मधोमध पाणी चढलं, होडी गरगर फिरली, नावाड्याच्या हातून वल्हं सुटलं.

"मंग?" काकी पुढे सरकली.

"मग राजा..." कान्हा म्हणाला, आणि पहाटेपासून रंग मारणारं त्याचं डोकं सरळ पोथीवर टेकलं.

काकीने त्याला हलवायला हात पुढे केला. काकांनी मानेनेच नको म्हटलं. दारातून पिवळ्या पट्ट्याची होडी दिसत होती, तिच्याकडे ते बराच वेळ बघत बसले. मग कान्हाच्या डोक्याखालून पोथी अलगद काढली आणि मोरपीस शेवटच्या पानात ठेवलं.

"संपली," काका म्हणाले.

"संपली. यंदा मन लावून ऐकली," काकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नारळ वाहिला, होडी पाण्यात गेली. काठ सुटल्यावर कान्हाला आठवण झाली. वल्हं थांबवून तो ओरडला, "काकी, राजा पलीकडं पोचला काय?"

काकीने काकांकडे बघितलं. काका एकदम वाऱ्याची दिशा बघायला लागले.

"पोचलाच असंल," काकीने काठावरून सांगितलं. "त्याबिगर पोथी संपली व्हय?"