कस्टर्ड कुणी खाल्लं?

लिफ्ट दुरुस्त करणारा तो गृहस्थ गालात कापसाचा बोळा धरून घरी आला, तेव्हा बायकोने फ्रिज भरून ठेवला होता. कस्टर्ड, कुस्करलेला बटाटा, लाल भोपळ्याचं सूप, मऊसूत फेटलेलं दही. अक्कलदाढ काढल्यावर मऊ आणि बिनतिखट खायचं, गरम टाळायचं, नळीने काही ओढायचं नाही, हे डॉक्टरबाईंचं फर्मान तिने पाठच केलं होतं.

एरवी या घरात असले लाड होत नसत. बायको खाण्याच्या बाबतीत भलती कडक. सकाळी मोड आलेले हरभरे, दुपारी कच्चा मुळा, रात्री कोंड्याचा पाव. ही शिस्त तिच्या अंगी बाणवली होती तिच्या वडिलांनी. जन्मभर पोरांना पोहायला शिकवून निवृत्त झालेले हे सासरे सध्या मुक्कामाला होते. या वयातही ते अक्रोड दातांनी फोडायचे.

"दात राखावेत असे, जावईबापू," म्हणत त्यांनी एक अक्रोड कटकन फोडला. तो आवाज जावयाच्या जबड्यातून थेट कानात गेला.

संध्याकाळी भूक लागली म्हणून त्याने फ्रिज उघडला. कस्टर्डचा वाडगा जागेवर होता. धुतलेला, पुसलेला आणि रिकामा.

"कफ्फड कुफे गेलं?" त्याने सुजलेल्या तोंडाने विचारलं.

"काय?" बायको म्हणाली.

"कफ्फड!"

"कपाट कुठे जाणार, जावईबापू?" सासरे प्रेमाने म्हणाले. "हे काय इथंच आहे."

त्याने वाडगा उलटा करून दाखवला. बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "अरे, तूच खाल्लं असशील. गुंगीत माणसाला आठवत नाही."

त्याने जीभ तोंडभर फिरवून गोडवा शोधला. नव्हता. पण राग येण्याऐवजी त्याला भारी कुतूहल वाटायला लागलं. लिफ्ट कारण नसताना मधेच थांबली की त्याला असंच व्हायचं. बिघाड सापडेपर्यंत चैन पडायचं नाही. घरात माणसं तीन. बायको दिवसभर शाळेत गणित शिकवते आणि घरी आली की तत्त्व म्हणून मुळा खाते. सासरे मऊ खाण्याला 'बाळांचं खाणं' म्हणून नाक मुरडतात. आणि तिसरा तो स्वतः, ज्याच्यावर आता त्याचाही पुरता भरवसा उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बटाटा निम्मा झाला. खाणाऱ्याने उरलेला भाग चमच्याने गिलावा केल्यासारखा सारखा करून ठेवला होता. हात सफाईदार होता, हे त्याला मान्य करावं लागलं.

मग त्याने सापळा लावला. भोपळ्याच्या सुपात त्याने मूठभर मीठ ढवळलं आणि कान टवकारून अंथरुणावर पडला. जो कोणी सूप पिईल, तो ओरडल्याशिवाय राहणार नाही. पडल्या पडल्या त्याचा डोळा लागला.

जाग आली ती बायकोच्या हाकेने. ती शाळेतून आली होती आणि सुपाचा वाडगा घेऊन उशाशी बसली होती.

"उठ बरं. सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना? मी भरवते."

"नफो!" तो म्हणाला. म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात चमचा आत गेला.

दाढेच्या जखमेत मीठ उतरलं. त्याचे डोळे घळाघळा वाहू लागले. पाय आपोआप पलंगावर आपटले.

बायको विरघळली. "इतकं आवडलं? वेडा! अजून घे." दुसरा चमचा आला. आपणच मीठ घातलं हे सांगायला जीभ वळेपर्यंत तिसराही गेला. दारात उभे असलेले सासरे वाडग्याकडे टक लावून पाहत होते. त्यांनी आवंढा गिळला. तो आवंढा जावयाने बरोबर टिपला.

पुढच्या दिवशी तो मोजे घालून, पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेला. फ्रिजच्या दाराआड सासरे उभे होते. हातात दह्याचा वाडगा. जावयाला बघताच त्यांनी फुगलेला गाल तळहाताने झाकला.

"बाबा! दाढ दुखतेय तुमची?"

सासऱ्यांना बुडताना काठ दिसावा तसं झालं. तोंड भरलेलं असल्यामुळे त्यांनी नुसती मान हलवली. जावयाला गलबलून आलं. बिचारे! अभिमानापायी दुखणं लपवताहेत आणि पोट मारून जगताहेत! त्याने लगेच बायकोला सांगितलं. तिने डोळे पुसले आणि लगोलग डॉक्टरबाईंना फोन लावला. सासऱ्यांनी "तसं काही नाही", "आता थांबलं", "हवेमुळे होतं" असं बरंच करून पाहिलं. पण दोघांनी त्यांना रिक्षात घातलंच.

बायको बाहेर बसली. आत डॉक्टरबाईंनी दिवा खाली ओढला, आरसा फिरवला, एकेका दातावर टकटक केली.

"दुखतंय कुठे?"

"सगळीकडे थोडं थोडं," सासरे म्हणाले.

"आजोबा, असे दात मी विशीतल्या पोरांचेही पाहिले नाहीत. एकालाही काही झालेलं नाही."

जावयाने खुर्ची जवळ ओढली. "बाबा, मग माझं कस्टर्ड का?"

सासऱ्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग आवाज उतरवला. "तो मुळा, जावईबापू. ते हरभरे. रोज! जनावरागत चघळत बसायचं. पण लहानपणी तिला कच्चं खा, कच्चं खा म्हणून मीच धाक घातला. आता नको म्हणायचं तर कुठल्या तोंडाने म्हणू?"

डॉक्टरबाईंनी हसू दाबलं. "मी काही खोटी चिठ्ठी देणार नाही हं." मग त्यांनी जावयाची जखम तपासली. "छान भरतेय. उद्यापासून नेहमीचं जेवण सुरू करा." भिंतीवरच्या उजेडात त्यांनी त्याचा एक्स-रे धरला. "हां, दुसऱ्या बाजूची अक्कलदाढही तिरकी आहे. आज ना उद्या काढावीच लागेल. घाई मात्र अजिबात नाही."

सासरे खुर्चीतून असे उठले की वयाचा पत्ताच लागू नये. त्यांनी खुर्चीवरची धूळ, जी नव्हतीच, रुमालाने झटकली.

तेवढ्यात बायकोने दार किलकिलं केलं. "झालं का? लवकर चला, हरभऱ्यांना मस्त मोड आलेत."

दार लागलं. जावई सासऱ्यांकडे पाहत राहिला, सासरे जावयाकडे.

मग तो मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसला आणि त्याने आ वासला.