चुकीच्या फॉर्मवरची सही

घड्याळजींनी मांजर टोपलीत घातलं, वर टॉवेल टाकला आणि दोरी बांधता बांधता तिसऱ्यांदा ओरबाडून घेतलं. तीन आठवड्यांपूर्वी थोरली बहीण गेली आणि तिचं मांजर त्यांच्या गळ्यात पडलं. ताईनं त्याचं नाव ठेवलं होतं 'मॅडम', आणि रुबाबही तसाच होता. मॅडम दुरुस्तीच्या टेबलावर ऐन दिव्याखाली बसत, चिमट्यावर पंजा मारत. काल तर त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचं बारीक चाक असं उडवलं, की ते अजून सापडलं नव्हतं.

"बस्स झालं," घड्याळजी म्हणाले. "आज तुमची बदली."

ते प्राण्यांच्या आश्रमात पोचले तेव्हा आंघोळीतून निसटलेला एक कुत्रा साबणासकट अंगणभर धावत होता आणि निम्मा आश्रम त्याच्या मागे. काउंटरवरच्या बाईंनी टोपली आत डॉक्टरांकडे पाठवली आणि एक डोळा कुत्र्यावर ठेवून गठ्ठ्यातला एक फॉर्म घड्याळजींच्या हातात कोंबला. दोन गठ्ठे होते, प्राणी सोडणाऱ्यांचा आणि प्राणी नेणाऱ्यांचा. हा फॉर्म नेणाऱ्यांचा होता. पण कुत्र्यानं जाता जाता नेमका मथळ्यावरच ओला पंजा उमटवला होता.

घड्याळजींनी प्रामाणिकपणे माहिती भरली. कोणता प्राणी? मांजर, पांढरं, डावा कान काळा. घरी कोण कोण? मी एकटा. झोपण्याची जागा? माझी उशी. प्राण्यानं त्रास दिल्यास? बाहेर काढतो. लगेच आत घेतो.

आतल्या खोलीत संचालिकाबाईंनी फॉर्म वाचला. "योगायोग बघा काका, अस्संच एक मांजर आत्ता आलंय."

"तेच ते."

"बघितलंत वाटतं? पण स्पष्ट बोलू का? तुमच्याकडे मांजर असणं मला काही योग्य वाटत नाही. एकटा माणूस, हातात नाजूक काम, वर बाहेर काढता म्हणे."

तीन आठवडे घड्याळजी शेजाऱ्यांना नेमकं हेच ऐकवत होते. पण दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"योग्य वाटत नाही? अहो, पहिले चार दिवस ती अन्नाला शिवली नाही! ताईच्या शालीवर नुसती बसून. गुडघे दुखतात तरी मी जमिनीवर मांडी घातली, बोटावर एकेक घास धरला, तेव्हा कुठं खाल्लं तिनं. टोल पडले की पलंगाखाली पळते, म्हणून सगळ्या घड्याळांचे टोल बंद केलेत मी. घड्याळजीच्या दुकानात टोल नाही! गिऱ्हाइकं विचारतात, दुरुस्त करता की बंद पाडता?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "काका, माझं चुकलं. सही करा इथे."

घड्याळजींनी खटला जिंकल्याच्या थाटात सही ठोकली.

तोवर डॉक्टरांनी मॅडमचे कान साफ केले होते, नखं कापली होती, लस टोचली होती. भोकं पाडलेल्या खोक्यात घालून त्यांना बाहेर आणलं.

"पंधरा दिवसांनी घर बघायला येऊ हं."

"खुशाल या!"

चौकात आल्यावर खोक्यातून म्यांव ऐकू आलं आणि घड्याळजी जागच्या जागी थबकले. आपण मांजर सोडायला निघालो होतो! ते मागे वळले. दोन पावलं गेले. तेवढ्यात एका भोकातून पांढरा पंजा बाहेर आला आणि त्यांच्या अंगठ्यावर टेकला, मऊ, बिननखांचा. घड्याळजींनी पुन्हा घराची वाट धरली.

संध्याकाळी फोन वाजला. "काका, भयंकर घोटाळा झाला हो!" संचालिकाबाई रडकुंडीला आल्या होत्या. "तुम्ही मांजर द्यायला आला होतात! आमच्या बाईंनी भलताच फॉर्म दिला. उद्या घेऊन या तिला, आम्ही चांगलं घर शोधतो."

"शोधलंत की. पारखूनच दिलंत." घड्याळजी म्हणाले. "त्या बाईंना रागावू नका. त्यांचे माझ्यावर फार उपकार झाले. बरोबर फॉर्म मिळाला असता तर मी मुकाट सही केली असती आणि आत्ता रिकाम्या घरात बसलो असतो."



"काका," संचालिकाबाई हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे एक म्हातारं कासव आलंय. काडीचाही त्रास नाही त्याचा. त्याचाही फॉर्म चुकवू का?"

घड्याळजींनी घाईघाईनं पुन्हा एकदा आभार मानले आणि फोन ठेवून दिला.