जंगलानं पाळलेली शांतता

एका जंगलात, मुलांनो, म्हातारे फार होते. तरुणही होते, पण त्यांचं काम म्हाताऱ्यांच्या बोलण्यावर मान डोलवायचं.

नीट बसा. ज्याला खोकला आहे त्यानं मागं जाऊन बसावं. गोष्ट खोकल्याचीच आहे.

त्या जंगलात एक रीत होती. कुणी मेलं की संध्याकाळी सगळे पाणवठ्यावर जमायचे आणि मेलेल्याचं नाव घेऊन एक हाक द्यायचे. एकच. वाघानं डरकाळी फोडावी, मोरानं केकाटावं, बेडकानं डरांव म्हणावं, ज्याला जसं जमेल तसं. ती हाक झाली की मेलेला खरा मेला. मग त्याचं नाव घेता यायचं, त्याच्या खोड्या सांगून हसता यायचं, कुणी रडायला बसलं तर शेजारी जाऊन बसता यायचं. हाक होईपर्यंत नाव तोंडात आणायचं नाही. हाक न झालेला नुसता बाहेर गेलेला असायचा. त्याच्या वाटणीचं खाणं बाजूला ठेवायचं आणि वाट बघायची.

आणि हाक सगळ्यांनी मिळून द्यायची. एकट्यानं दिलेली धरत नसत.

मग खोकल्याची साथ आली.

गवाआबा हे जंगलातले सगळ्यात वजनदार म्हातारे. वजन डोळ्यांना दिसत होतं, अक्कल सगळे त्यावरून धरून चालले होते. त्यांना साथ-समितीचं अध्यक्ष केलं. त्यांनी हुकूम काढले. ज्यानं त्यानं आपापल्या बिळात बसायचं. तोंडाला पळसाचं पान बांधायचं. जमायचं नाही. हाक तर मुळीच द्यायची नाही, कारण हाक द्यायला तोंड उघडावं लागतं. ज्या बिळातून खोकला ऐकू येईल त्या बिळाच्या तोंडावर बाभळीचे काटे लावायचे. मेलेल्यांना उचलायचं काम तरसकाकांकडे.

तरसकाकांकडेच का, असं विचारू नका. अनुभव दांडगा होता. साथीआधी त्यांच्या बरगड्या लांबून दिसायच्या. साथीत त्यांचं पोट जमिनीला घासायला लागलं.

याच काळात वाघमहाराजांच्या लेकीचं लग्न झालं. अख्खं जंगल जमलं. रात्रभर डरकाळ्या फुटल्या. कुणीतरी भीत भीत विचारलं, तेव्हा गवाआबांनी समजावून सांगितलं की बंदी दुःखाच्या आवाजावर आहे, आनंदाच्या आवाजातून साथ पसरत नाही. ते शिकलेले होते. सगळ्यांना पटलं.

आता तांबीकडे येऊ. तांबी ही कोल्ही. साथ आली तेव्हा वानरगुरुजींच्या शाळेत जात होती. शाळा बंद झाली. पुढं उघडलीसुद्धा, पण तोवर तांबीला शिकार करून पोट भरावं लागत होतं. तिच्यापुरती ती बंदच राहिली.

तिच्या आईला खोकला झाला. समितीनं बिळाच्या तोंडावर काटे लावले. आई आत, तांबी बाहेर. काट्यांआडच्याशी बोलायचीही बंदी, म्हणून आई आतून माती खरवडायची आणि तांबी बाहेरून. आहेस का, आहे. दोघींचं एवढंच बोलणं. एका सकाळी तांबीनं खरवडलं आणि आतून काही आलं नाही. ती दुपारपर्यंत खरवडत राहिली. दुपारी तरसकाका आले. काटे बाजूला करताना ते काहीतरी गुणगुणत होते.

हाक झाली नाही. बंदी होती.

साथ गेली. पळसाची पानं सुटली. जंगलात पुन्हा भांडणं, लग्नं, निवडणुका सगळं सुरू झालं. राहिलेल्या हाकांचा विषय कुणी काढला नाही. तांबी रोज ससा मारायची, अर्धा खायची, अर्धा आईसाठी बाजूला ठेवायची. तो मुंग्या न्यायच्या. आई कशी हसायची हे ती हळूहळू विसरायला लागली होती. कुणाला विचारणार? हाक न झालेल्याबद्दल कुणी बोलत नाही. तिला जगात एकच गोष्ट हवी होती. एक हाक.

तेवढ्यात पलीकडच्या जंगलानं साथीचा स्मृतिदिन केला. वाघमहाराज पाहुणे म्हणून जाऊन आले आणि आल्यापासून त्यांचं जेवणात लक्ष लागेना. त्या जंगलात मेले किती, असं महाराजांनी विचारलं. आपल्यापेक्षा कमीच, असं कळलं.

"मग त्यांचा दिवस आपल्यापेक्षा मोठा कसा?" महाराज म्हणाले.

सभा बोलावली. तांबी पहिल्यांदाच सभेला गेली. पुढं बसली.

गवाआबा उठले. त्यांचं म्हणणं असं की या दिवसाला विजयदिन म्हणावं. बंदी नसती तर जंगलात एक शेपूट शिल्लक राहिलं नसतं. आज जे जिवंत आहेत ते सगळे माझ्यामुळे जिवंत आहेत, हाच पुरावा. जे मेले त्यांच्याबद्दल आबा काही बोलले नाहीत. ते पुराव्यात बसत नव्हते.

मग तरसकाका उठले. त्यांना उठायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं, या दिवसाला काळा दिवस म्हणावं. साथबीथ काही नव्हतीच, हवा बदलली होती. आबांना हुकूम सोडायची हौस, म्हणून त्यांनी पोराबाळांच्या तोंडाला पानं बांधली. खोकल्यानं एकही प्राणी मेला नाही.

सभा दोन बाजूंना वाटली गेली. या बाजूचे त्या बाजूच्यांना खुनी म्हणाले, त्या बाजूचे या बाजूच्यांना भित्रे म्हणाले. म्हाताऱ्यांना बऱ्याच दिवसांनी इतकं तरतरीत वाटत होतं.

तांबी उभी राहिली. तिनं सांगितलं की राहिलेल्या हाका देऊन टाकू या. तोच स्मृतिदिन. वेगळं काही करायला नको.

सभा जरा गप्प झाली. कारण हे सोपं होतं.

"पोरी, तुला कळत नाही," गवाआबा म्हणाले. "आज हाक दिली म्हणजे ती तेव्हाच द्यायला हवी होती, असं होतं. म्हणजे मी चुकलो, असं होतं."

"नसाल चुकला, आबा," तांबी म्हणाली. "बंदी बरोबरच असेल. मला नाही कळत त्यातलं. पण हाक राहिली ना?"

आबांनी मान हलवली. बंदी बरोबर असूनही काही राहून जाऊ शकतं, हे त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. तिथं बंदी बसली होती.

मग ती तरसकाकांकडे वळली. काकांनी तिला लाडानं जवळ बोलावलं आणि सांगितलं की हाक मेलेल्यांना देतात, आणि साथीत मेलं कोण?

"माझ्या आईला तुम्हीच नेलंत, काका."

"नेलं असेल, बाळ. मी पुष्कळांना नेलं," तरसकाका म्हणाले. "पण त्यात खोकल्यानं मेलेलं एकही नव्हतं. ते चवीवरून कळतं."

कुणी हसलं नाही. काकांच्या बाजूचे काकांकडे कौतुकानं बघत होते, कारण इतक्या अनुभवानं बोलणारं दुसरं कुणी त्या सभेत नव्हतं.

पुन्हा भांडण पेटलं. दगड बसवायचा तर त्यावर काय कोरायचं, कुणाचं चित्र, कुणाचं नाव, कुणाचं आधी. वाघमहाराजांची झोपायची वेळ टळून गेली होती. शेवटी ते वैतागून गुरकावले.

"मग काहीच बोलू नका ना कुणी!"

क्षणभर सगळे दबकले. मग गवाआबांचे डोळे चमकले. तरसकाकांचेही चमकले. काहीच बोलायचं नाही. म्हणजे बंदी बरोबर होती, असंही म्हणायला नको आणि चूक होती, असंही नको. कुणी मेलं होतं, असं नको. नव्हतं मेलं, असंही नको. असा तोडगा महाराजांनाच सुचू शकतो, असं सगळे म्हणाले. महाराजांना आपल्याला काय सुचलं ते दुसऱ्या दिवशी कळलं.

ठरलं. स्मृतिदिनी जंगलानं शांतता पाळायची.

तांबीनं शेजारी बसलेल्या साळूमावशीकडे पाहिलं. ही साळिंदराची म्हातारी. तिचा नवरा साथीत गेला होता, त्याचीही हाक राहिली होती. ज्यांना गप्प ठेवून पाठवलं, त्यांच्यासाठी आता गप्प बसायचं का, असं तांबीनं तिला हळूच विचारलं. मावशीनं आधी आजूबाजूला पाहिलं.

"काहीतरी करतायत हे काय कमी आहे?" ती पुटपुटली.

स्मृतिदिन उजाडला. पाहुणे आले. पाणवठा झाडून काढला. शांतता किती वेळ पाळायची, तर त्यासाठी वानरांनी सावरीच्या झाडाच्या शेंड्यावरून एक वाळकं पान सोडायचं. पान जमिनीला टेकेपर्यंत सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. टेकलं की फराळ.

वानरानं पान सोडलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

पान गिरक्या घेत आलं आणि अर्ध्या वाटेत कोळ्याच्या जाळ्यात अडकलं.

सगळ्यांना दिसलं. पण सांगणार कसं? सांगायला तोंड उघडावं लागणार. वारा नव्हता. पान लटकत राहिलं. जंगल गप्प उभं राहिलं. पाहुण्या हरणांनी पाय बदलले. फराळावर माशा बसायला लागल्या. वाघमहाराज उभ्या उभ्या झोपले, आणि पाहुण्यांना वाटलं, किती गढून गेलेत.

मग गवाआबांना खोकला आला.

साधाच होता. घशात धुरळा गेला असेल. आबांनी तो दाबला, त्यांचे डोळे पाण्यानं भरले, तरी एक ठसका सुटलाच. आणि मुलांनो, अख्खं जंगल एका उडीत मागं सरकलं. सगळ्यात लांब उडी कुणी मारली? साथ नव्हतीच म्हणणाऱ्या तरसकाकांनी. एवढ्या पोटासकट.

आबा पाणवठ्याच्या मधोमध एकटे उरले. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. काट्यांच्या आत बसलेल्याला बाहेरचं जग कसं दिसतं ते त्यांना तेव्हा दिसलं असेल का? तांबीला वाटलं, दिसलं असेल. तिला वाटलं, आता आबा काहीतरी बोलतील. पण आबांनी मान पुन्हा खाली घातली.

तेव्हा तांबीनं तोंड वर केलं आणि हाक दिली.

"भुरी!"

भुरी हे तिच्या आईचं नाव. आता सांगायला हरकत नाही.

हाक पाण्यावरून गेली, पलीकडच्या कड्यावर आपटली. बेडकांचे गळे फुगले आणि तसेच बसले. साळूमावशीचे सगळे काटे उभे राहिले, तिनं तोंड उघडलं, गवाआबांकडे पाहिलं आणि मिटलं. तांबीनं पुन्हा दिली. सोबत कुणी आलं नाही. ती एकटीच होती, आणि एकटीची धरत नसत.

मग मात्र म्हातारे बोलले. पान अजून जाळ्यातच होतं, म्हणजे नियमानं शांतता चालूच होती. पण नियम कधी मोडायचा ते म्हाताऱ्यांना बरोबर कळतं. मेलेल्यांचा अपमान, असं गवाआबा म्हणाले. मेलेल्यांचा घोर अपमान, असं तरसकाका म्हणाले. कुणी मेलंच नव्हतं, हे ते त्या गडबडीत विसरले. साथीपासून पहिल्यांदाच दोघं एकच बोलले. दोघं एकमेकांकडे बघून जरा लाजलेसुद्धा.

शिक्षा ठरली. जंगल सोडायचं, नाहीतर भर सभेत माफी मागायची. माफीचे शब्द दोघांनी मिळून तयार केले. अर्धे आबांचे: बंदीमुळे जंगल वाचलं. अर्धे काकांचे: माझी आई म्हातारपणानं गेली.

साळूमावशी तांबीच्या कानाशी आली.

"म्हणून टाक गं. थोडा वेळ गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"इतके दिवस बसलेच होते की, मावशी," तांबी म्हणाली.

ती पुढं गेली. तिनं आबांकडे पाहिलं, मग काकांकडे.

"दोन्ही म्हणते," ती म्हणाली. "बंदीमुळे जंगल वाचलं. आई म्हातारपणानं गेली. आणखी काही असेल तर तेही सांगा, म्हणते. मग हाक द्याल?"

आणि तेव्हा, मुलांनो, त्या जंगलात खरी शांतता झाली. पान सोडावं लागलं नाही. कुणाला सांगावं लागलं नाही. कुणी पाय बदलला नाही. ती बरीच टिकली.

तांबी थोडा वेळ थांबली. मग पाणवठ्याला वळसा घालून निघून गेली. कुणी अडवलं नाही. माफी मागून झाली होती, त्यामुळे ती गेली की घालवली याची नोंद कशी करायची, एवढाच घोळ मागं राहिला.

तो घोळ बाजूला ठेवून सभा पुढं चालली. पुढच्या वर्षी असा प्रकार घडू नये म्हणून तरसकाकांनी ठराव मांडला: स्मृतिदिनी प्रत्येकानं तोंडाला पळसाचं पान बांधावं. गवाआबांनी भरल्या गळ्यानं अनुमोदन दिलं. पाहुण्यांनी वाखाणणी केली. फराळ झाला. तरसकाकांनी दोनदा वाढून घेतलं.

तात्पर्य, आणि हे पाठ करा, परीक्षेत येईल: मोठी माणसं मेलेल्यांवरून भांडत असताना मेलेल्यांना कधीही मधे आणू नये. त्यांचा त्या भांडणाशी काही संबंध नसतो.