वेळेआधीची ठिणगी

आमच्या आळीत येणाऱ्या प्रत्येक पोस्टकार्डाचा एक कोपरा गायब असे. उंदीर नव्हे, दामूअण्णा! श्रीवर्धनात सुपारीची वाडी आणि दारात एक म्हातारी विलायती मोटार असलेले हे आमचे शेजारी. मोटारीच्या इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटांमधली फट मोजायला पोस्टकार्डाचीच जाडी हवी, असा त्यांचा सिद्धांत. तेही दुसऱ्याच्या पोस्टकार्डाची! माझ्या मामाचे निम्मे आशीर्वाद त्यांच्या बॉनेटखाली गेले.

रोज सकाळी पॉइंट घासायचे, फट मोजायची, ठिणगीची वेळ मागेपुढे सरकवायची. माझं लग्न लांबलं तेव्हा म्हणाले, "मास्तर, तुमची ठिणगी उशिरा पडते. नुसता धूर!" आणि स्वतःच्या मोटारीची? कायम वेळेआधी! त्यामुळे इंजिन उखळातल्या मुसळासारखं ठोके देई आणि गाडी सुरू करायचं हँडल उलटं फिरून अण्णांनाच फटका बसे. मनगटाला हळदीचा लेप बारमाही.

"अहो, नीट करा की ती वेळ!" मी म्हणे.

"तुम्ही भूगोल शिकवा."

दर सोमवारी मात्र ते बायकोला, म्हणजे माईंना, हरिहरेश्वरला नेत. दोन वर्षांपूर्वी तापात माईंचे कान गेले. "लोक ओठ हलवतात आणि मी खुळ्यासारखी हसते," म्हणत त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. उरली ती एवढी सोमवारची फेरी. आणि गाडी तर चढावर धापा टाकी! उद्या ती बंद पडली तर माई उंबऱ्याआडच राहायच्या, या धास्तीने एका सोमवारी मीच तळा गावाहून मोटारीचा मिस्त्री आणला. अण्णा वाडीत शिंपणं करत होते, तेवढ्यात काम उरकलं.

"ठिनगी लय आधी पडत व्हती," मिस्त्री म्हणाला. "आता बगा, लोन्यावानी चालंल."

खरंच, इंजिन चालू आहे हे सांगावं लागलं असतं. मी मोठ्या फुशारकीने माईंना गाडीत बसवलं. त्यांनी समोरच्या फळीवर तळवा टेकला. बराच वेळ तसाच ठेवला. मग त्यांचा चेहरा उतरला.

"बंद पडली का हो ही?" म्हणाल्या, आणि उतरून घरात निघून गेल्या.

मागे अण्णा उभे. म्हटलं, आता आपलं काही खरं नाही! पण ते रागावले नाहीत. बॉनेट उघडून मिस्त्रीने बसवलेली वेळ पुन्हा बिघडवू लागले.

"अण्णा, इंजिन फुटेल!"

"फुटू दे. तिला आता एवढंच ऐकू येतं, मास्तर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाना मीच पुढे केला.

ठोके सुरू झाले तसे अण्णा आत गेले आणि माईंना हाताला धरून घेऊन आले. माईंनी तळवा टेकला, डोळे मिटले.

"हं, आता ऐकू आली," त्या म्हणाल्या.